मूळ कथा आणि उत्तरभाग : अमेरिकी कौटुंबिक ॲनिमेशनपटांच्या सिक्वेलचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

यशस्वी चित्रपटाचा उत्तरभाग, म्हणजेच सिक्वेल, मूळ चित्रपटाच्या तुलनेत उणाच ठरतो, हा समज चित्रपटविषयक चर्चेत जवळजवळ सिद्धांताप्रमाणे वावरत असतो. कौटुंबिक ॲनिमेशनपटांच्या संदर्भात तर तो अधिकच ठामपणे व्यक्त केला जातो. मुलांसाठीची करमणूक म्हणून हा प्रकार आधीच गौण मानला गेला असल्याने त्याचा उत्तरभाग म्हणजे गौणातही गौण, अशी सर्वसाधारण धारणा दिसते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला कोणताही नियम स्वीकारण्यापूर्वी त्या नियमाचा काळ विचारावा लागतो. हा समज केव्हा रूढ झाला, कोणत्या परिस्थितीत तो खरा ठरला आणि कोणत्या परिस्थितीत खोटा पडला, हे पाहिल्याविना त्यावर विश्वास ठेवणे योग्य होणार नाही.

प्रस्तुत निबंधात डिस्ने आणि पिक्सार या दोन अमेरिकी संस्थांच्या १९३३ ते २०२४ या कालखंडातील निवडक चित्रपटांच्या आधारे मूळ चित्रपट व उत्तरभाग यांच्या संबंधाचा विचार केला आहे. तुलनेपुरता अन्य एका संस्थेच्या चित्रमालिकेचाही उल्लेख येईल. उत्तरभागाचा दर्जा हा केवळ प्रतिभेचा प्रश्न नसून तो प्रामुख्याने निर्मितीव्यवस्थेचा प्रश्न आहे, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. चित्रपट कोणत्या बाजारपेठेसाठी, कोणाच्या हातून आणि किती अवधीत तयार होतो, तसेच तयार झालेले काम मोडून पुन्हा रचण्याची मुभा निर्मात्यांना असते की नाही, यांवर त्याचे भवितव्य अवलंबून असते.

पुनःप्रदर्शनाचे युग

डिस्ने संस्थेने १९३३ मध्ये 'थ्री लिटल पिग्ज' हा लघुपट प्रदर्शित केला. त्याची लोकप्रियता इतकी होती की वितरकांकडून त्याच डुकरांच्या आणखी कथांची मागणी सुरू झाली. त्यानुसार १९३४, १९३६ आणि १९३९ मध्ये तीच पात्रे असलेले आणखी तीन लघुपट निघाले. मात्र त्यांपैकी एकालाही पहिल्याची सर आली नाही. डुकरांनी मिळवलेल्या यशावर डुकरांनाच आणून मात करता येत नाही, असा या अनुभवाचा निष्कर्ष वॉल्ट डिस्ने पुढे अनेक वर्षे सांगत असत.

यानंतरच्या काळात डिस्ने संस्थेने आपल्या गाजलेल्या पूर्ण लांबीच्या कथापटांचे उत्तरभाग काढले नाहीत. याचे श्रेय केवळ वॉल्ट डिस्ने यांच्या कलादृष्टीला देणे मात्र अपुरे ठरेल. त्यामागे एक भक्कम आर्थिक कारणही होते. डिसेंबर १९३७ मध्ये प्रथम दाखवला गेलेला 'स्नो व्हाइट' १९४४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आणला गेला आणि त्यानंतरही काही वर्षांच्या अंतराने तो पुन्हापुन्हा प्रदर्शित होत राहिला. दर काही वर्षांनी मुलांची नवी पिढी तयार होत असे आणि तिच्यासाठी जुनाच चित्रपट नवा असे. जो चित्रपट स्वतःच पुन्हा विकता येतो, त्याचा दुसरा भाग काढण्याची निकड भासत नाही. मूळ चित्रपट दुर्मीळ राखणे हाच या व्यवसायाचा पाया होता.

हा पाया घरगुती व्हिडिओने खचवला. १९८० च्या दशकात डिस्नेचे जुने कथापट एकेक करून कॅसेटवर येऊ लागले. खुद्द 'स्नो व्हाइट' १९९३ मध्ये अमेरिकी चित्रपटगृहांत पुन्हा आला आणि लगेच १९९४ मध्ये त्याची कॅसेट विक्रीस आली. चित्रपट घरातल्या फडताळात जाऊन बसल्यावर तो दुर्मीळ राहिला नाही. जुन्याच वस्तूची पुनर्विक्री थांबली, तेव्हा त्याच नावाची नवी वस्तू विकण्याचा मार्ग उरला. उत्तरभागांची लाट याच वेळी उसळली, हा योगायोग नव्हे.

'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' : एक फसलेला आरंभ

या लाटेपूर्वी एक वेगळा प्रयत्न झाला होता. १९७७ च्या 'द रेस्क्यूअर्स' या यशस्वी चित्रपटाचा उत्तरभाग 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' या नावाने नोव्हेंबर १९९० मध्ये चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. तो संस्थेच्या मुख्य ॲनिमेशन विभागाने तयार केला होता. हाताने काढलेली रेखाटने संगणकावर रंगवून जोडण्याची, पिक्सारच्या सहकार्याने विकसित झालेली प्रणाली संपूर्ण चित्रपटासाठी प्रथम याच चित्रपटात वापरली गेली. गरुडाच्या उड्डाणाचा त्यातील प्रसंग पाहिला असता तंत्राच्या बाबतीत उत्तरभाग मूळ चित्रपटाच्या कितीतरी पुढे गेल्याचे दिसते.

असे असूनही तो व्यावसायिकदृष्ट्या अपयशी ठरला. त्याच दिवशी 'होम अलोन' प्रदर्शित झाला होता. पहिल्या आठवडाअखेरीस डिस्नेच्या चित्रपटाला चौथे स्थान मिळाले आणि संस्थेने त्याच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती थांबवल्या. १९७७ मध्ये मूळ चित्रपट पाहिलेली मुले तेरा वर्षांत मोठी झाली होती, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. या अपयशातून संस्थेने घेतलेला धडा मात्र विचार करण्याजोगा आहे. प्रदर्शनाचा दिवस चुकला, प्रसिद्धी अपुरी पडली, असे निष्कर्ष निघू शकले असते. प्रत्यक्षात पुढील काळात मुख्य विभागाने उत्तरभागांपासून दूर राहावे आणि ते काम अन्य विभागाकडे जावे, अशी वाटणी रूढ झाली.

थेट कॅसेटवर आलेले उत्तरभाग (१९९४–२००८)

१९९२ मध्ये 'अल्लादीन'ने मोठे यश मिळवले. त्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिकेची तयारी चालू असताना तिच्या आरंभीच्या कथेतून स्वतंत्र चित्रपट करण्याची कल्पना पुढे आली आणि मे १९९४ मध्ये 'द रिटर्न ऑफ जाफर' थेट कॅसेटवर आला. तो दूरचित्रवाणी विभागाने तयार केला होता. मूळ चित्रपटाचा खर्च सुमारे २.८ कोटी डॉलर होता. या उत्तरभागाचा खर्च त्याच्या अल्प अंशाइतकाच होता. मूळ चित्रपटातील जिनीचा आवाज रॉबिन विल्यम्स यांचा होता. जाहिरात आणि वस्तुविक्रीसाठी आपल्या आवाजाच्या वापरावरून त्यांचा संस्थेशी वाद झाल्याने त्यांच्या जागी डॅन कॅस्टेलानेटा आले. तरीही या कॅसेटच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

या आकड्याने पुढच्या चौदा वर्षांची दिशा ठरवली. १९९८ मध्ये 'द लायन किंग'चा, २००० मध्ये 'द लिटल मरमेड'चा, २००२ मध्ये 'सिंड्रेला'चा उत्तरभाग आला. 'सिंड्रेला'चा मूळ चित्रपट १९५० चा, म्हणजे मूळ आणि उत्तरभाग यांत अर्धशतकाहून अधिक अंतर होते. काही उत्तरभाग चित्रपटगृहांतही दाखवले गेले. २००३ चा 'द जंगल बुक २' हे त्याचे उदाहरण.

या चित्रपटांची मूळ चित्रपटांशी तुलना केली असता रेखाटनातील उणीव तत्काळ जाणवते. पार्श्वभूमी विरळ होते, हालचाली काटकसरीने केलेल्या दिसतात. परंतु अधिक गंभीर उणीव कथेच्या रचनेत आहे. स्थूलमानाने या उत्तरभागांचे तीन साचे संभवतात. पहिल्यात मूळ कथेचा शेवट रद्द केला जातो. पराभूत खलनायक परत येतो आणि त्याचा पुन्हा पराभव होतो. दुसऱ्यात मूळ कथा पुढच्या पिढीकडे देऊन उलटी केली जाते. 'द लिटल मरमेड'मध्ये आईला जमिनीवर यायचे होते, उत्तरभागात मुलीला समुद्रात जायचे असते. तिसऱ्यात मालिकेतील भागांप्रमाणे सुटे प्रसंग एकत्र बांधले जातात. 'सिंड्रेला २' हा तीन लहान कथांचाच संग्रह आहे. कहाणी सुफळ संपूर्ण झाल्यावर तिच्यापुढे काय सांगावयाचे, हा प्रश्न या तिन्ही साच्यांत टाळला गेला आहे.

तथापि या काळातील सर्वच कामाची एकाच शब्दांत वासलात लावणे अन्यायाचे होईल. २००६ चा 'बॅम्बी २' मूळ चित्रपटाच्या शेवटापुढे न जाता त्यातील एका मोकळ्या जागेत शिरतो. १९४२ च्या 'बॅम्बी'मध्ये आईच्या मृत्यूनंतर कथा एकदम पुढच्या वसंतात जाते. आई गमावलेले पाडस आणि त्याचा अबोल पिता यांच्यात मधल्या काळात काय घडले असेल, हा प्रश्न मूळ चित्रपटाने खरोखरच शिल्लक ठेवला होता. साधने मर्यादित असतानाही योग्य प्रश्न हाती लागला, तर उत्तरभागाला स्वतःचे प्रयोजन मिळते, हे यावरून दिसते.

'टॉय स्टोरी २' : एका निर्मितीची दोन रूपे

या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा १९९९ च्या 'टॉय स्टोरी २'चा आहे. कारण येथे एकाच उत्तरभागाचे दोन अवतार इतिहासाने आपल्यासमोर ठेवले आहेत.

नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रदर्शित झालेला 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट होय. त्याचा उत्तरभाग, त्या वेळच्या प्रथेप्रमाणे, थेट कॅसेटसाठी योजला होता. संस्थेची मुख्य फळी 'अ बग्ज लाइफ' या चित्रपटात गुंतली असल्याने उत्तरभागाचे काम दुसऱ्या, तुलनेने अननुभवी गटाकडे देण्यात आले. एकाच छताखाली दोन दर्जांचे काम चालणे संस्थेला घातक आहे, अशी जाणीव पिक्सारमध्ये लवकरच झाली. १९९८ च्या आरंभी हा उत्तरभाग चित्रपटगृहांसाठी करण्याचे ठरले. परंतु बाजारपेठ बदलली तरी कथा तीच राहिली होती. १९९८ च्या अखेरीस जॉन लॅसेटर आणि त्यांचे सहकारी मोकळे होऊन त्यांनी झालेले काम पाहिले, तेव्हा ते समाधानकारक नसल्याचे त्यांना आढळले. प्रदर्शनाची तारीख पक्की होती. अखेर सुमारे नऊ महिन्यांत चित्रपट जवळजवळ नव्याने रचण्यात आला.

पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमुल यांनी 'क्रिएटिव्हिटी, इन्कॉर्पोरेटेड' या २०१४ मधील ग्रंथात या फेररचनेचे मर्म सांगितले आहे. वुडी या बाहुल्याला एक संग्राहक पळवून नेतो. जपानमधील संग्रहालयात कायमचे सुरक्षित राहावे की उद्या मोठा होऊन आपल्याला विसरणाऱ्या अँडीकडे परतावे, हा वुडीपुढील पेच आहे. पहिल्या आराखड्यात तो परत जाणार हे प्रेक्षकाला आधीपासूनच ठाऊक होते, त्यामुळे पेच पेच राहत नव्हता. फेररचनेत व्हीझी या टाकून दिलेल्या पेंग्विनची उपकथा घातली गेली आणि जेसी या बाहुलीची पूर्वकथा अधिक सखोल केली गेली. जिच्यावर मालकिणीने जीव लावला आणि मोठी होताच जिला रस्त्याकडेला सोडून दिले, त्या जेसीची हकीकत ऐकल्यावर संग्रहालयाचा पर्याय खरा वाटू लागतो. मूळ चित्रपटात खेळण्याला भीती होती ती दुसऱ्या खेळण्याने आपली जागा घेण्याची. उत्तरभागात भीती आहे ती बालपणच संपण्याची. दुसरी भीती पहिलीच्याच पोटातून निघालेली, पण तिच्याहून खोल आहे.

येथे मूळ चित्रपटाचा इतिहासही आठवावयास हवा. नोव्हेंबर १९९३ मध्ये 'टॉय स्टोरी'चा कच्चा आराखडा डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवला असता तो इतका नापसंत ठरला की काम थांबवण्यात आले. त्यातील वुडी कुत्सित आणि अप्रिय वाटत होता. कथा पुन्हा लिहिली गेली आणि आज आपल्याला परिचित असलेला वुडी घडला. म्हणजे मूळ आणि उत्तरभाग या दोघांनाही मोडून घडवण्याच्या एकाच प्रक्रियेतून जावे लागले. थेट कॅसेटवर येणाऱ्या उत्तरभागांच्या खर्चात आणि वेळापत्रकात अशा मोडतोडीला जागाच नव्हती. दोन्ही प्रकारांतील खरा भेद येथे आहे. चित्रपटगृहांतील जगभराची मिळकत पाहता 'टॉय स्टोरी'ने सुमारे ३७ कोटी डॉलर, तर 'टॉय स्टोरी २'ने सुमारे ४९ कोटी डॉलर मिळवले.

परंतु या यशाची किंमत नोंदवल्याखेरीज त्याचा इतिहास पुरा होत नाही. चित्रपट पूर्ण होईपर्यंत सुमारे एकतृतीयांश कर्मचाऱ्यांना सततच्या संगणककामामुळे हाता-मनगटांच्या दुखण्यांनी ग्रासले होते, असे कॅटमुल लिहितात. अतिश्रमाने भान हरपलेला एक कलावंत तान्ह्या बाळाला पाळणाघरात सोडण्याचे विसरून गाडीतच ठेवून कामावर आला. बाळ सुदैवाने वाचले. उत्तरभागही मूळ चित्रपटाच्या तोडीचा होऊ शकतो याचा दाखला म्हणून आपण ज्या कृतीकडे बोट दाखवतो, तिच्या पायाशी हे श्रम आहेत. नऊ महिन्यांत ती घडली, हा गौरवाचा भाग नसून नियोजनातील दोषाचा पुरावा आहे.

करार आणि मालकीचा प्रश्न

१९९७ मध्ये डिस्ने व पिक्सार यांच्यात पाच चित्रपटांचा करार झाला होता. उत्तरभाग या पाचांत धरावयाचा नाही, अशी त्यातील तरतूद होती. त्यामुळे 'टॉय स्टोरी २' एवढा यशस्वी होऊनही करारापुरता तो मोजला गेला नाही. उत्तरभाग म्हणजे पूर्ण कृती नव्हे, हा समज येथे जणू कायद्याच्या भाषेत उतरला होता. पात्रांवरील हक्क डिस्नेकडे होते. जानेवारी २००४ मध्ये नव्या करारासाठीची बोलणी फिसकटली, तेव्हा पिक्सारच्या चित्रपटांचे उत्तरभाग पिक्सारविनाच काढण्यासाठी डिस्नेने 'सर्कल सेव्हन' नावाचा स्वतंत्र स्टुडिओ उभारला. तेथे 'टॉय स्टोरी ३'चे कथानकही तयार होऊ लागले होते.

२००६ मध्ये डिस्नेने ७४० कोटी डॉलरना पिक्सार विकत घेतली आणि लॅसेटर व कॅटमुल यांच्याकडे डिस्नेच्या ॲनिमेशन विभागाचीही सूत्रे आली. 'सर्कल सेव्हन' बंद झाला. २००७ मध्ये अभिजात चित्रपटांचे थेट कॅसेट-डीव्हीडीवरील उत्तरभाग थांबवण्याचा निर्णय झाला आणि २००८ मध्ये ही परंपरा संपुष्टात आली. पात्रे ज्यांनी घडवली त्यांनीच ती पुढे न्यावीत, हे तत्त्व या क्षणी मान्य झाले असे म्हणता येईल.

२०१० नंतरचे चित्र

हे तत्त्व आवश्यक असले तरी पुरेसे नाही, हे लगेचच सिद्ध झाले. २०१० च्या 'टॉय स्टोरी ३'ने दुसऱ्या भागात केवळ भीती म्हणून वावरणारी घटना प्रत्यक्ष घडवली. अँडी महाविद्यालयात निघाला. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागातही नामांकन लाभले. त्यापाठोपाठ २०११ मध्ये आलेल्या 'कार्स २'चे दिग्दर्शन मूळ दिग्दर्शक लॅसेटर यांनीच केले होते. तरीही ॲनिमेशनपटांसाठी स्वतंत्र ऑस्कर सुरू झाल्यापासून त्याचे नामांकन न मिळालेला तो पिक्सारचा पहिला चित्रपट ठरला. वेग आणि लहान गावाचा संथपणा यांतील मूळ चित्रपटाचा ताण सोडून हा उत्तरभाग हेरकथेकडे वळतो. त्याचे प्रदर्शनही मूळ वेळापत्रकापेक्षा एक वर्ष अलीकडे ओढले होते. तेच हात आणि मुबलक पैसा असूनही मूळ कथेतून उद्भवणारा प्रश्न नसला तर काय होते, याचे हे उदाहरण आहे. ड्रीमवर्क्स संस्थेच्या 'श्रेक' मालिकेचा प्रवासही असाच दिसतो. २००४ चा 'श्रेक २' विवाहानंतर सासरची भेट हा विषय घेऊन परीकथेच्या सुखान्तापुढे पाऊल टाकतो. २००७ च्या तिसऱ्या भागात मात्र विनोदांची पुनरावृत्तीच अधिक जाणवते.

२०२४ या एकाच वर्षात दोन बोलकी उदाहरणे मिळतात. २०१५ च्या 'इनसाइड आउट'च्या शेवटी मुलीच्या मनातील नियंत्रण-फलकावर वयात येण्याचे बटण दिसते आणि त्याचा अर्थ भावनांना कळत नाही. 'इनसाइड आउट २' नेमका तेथून सुरू होतो. दिग्दर्शक बदलले तरी प्रश्न मूळ चित्रपटाचाच राहतो. दुसरीकडे 'मोआना २' प्रथम इंटरनेटवरील मालिका म्हणून योजला होता. तो चित्रपटगृहांसाठी होत असल्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो प्रदर्शित झाला. मूळ चित्रपटाचे दिग्दर्शक रॉन क्लेमेंट्स व जॉन मस्कर आणि गीतकार लिन-मॅन्युएल मिरांडा त्यात नव्हते. मालिकेतील भागांचे सांधे चित्रपटात जाणवत राहतात. 'टॉय स्टोरी २' आणि 'मोआना २' या दोघांचाही जन्म लहान पडद्यासाठी झाला आणि दोघेही मोठ्या पडद्यावर आले. पण पहिल्यात कथा मोडून घडवली गेली, दुसऱ्यात ती बव्हंशी जोडली गेली असे वाटते. 'इनसाइड आउट २' आणि 'मोआना २' या २०२४ च्या दोन्ही उत्तरभागांनी जगभरात १०० कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे आपापल्या मूळ चित्रपटापेक्षा अधिक, उत्पन्न मिळवले. त्यामुळे मिळकत हा दर्जाचा निकष मानता येत नाही, हेही यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) उत्तरभाग कनिष्ठ असतो हा समज कथाकलेच्या एखाद्या नियमातून आलेला नाही. १९९४ ते २००८ या काळात घरगुती व्हिडिओच्या बाजारपेठेने तो प्रामुख्याने दृढ केला.

२) मूळ निर्माते, पुरेसा अवधी आणि काम मोडण्याची मुभा या तीन गोष्टी उत्तरभागाला उपकारक ठरतात, परंतु मूळ कथेने शिल्लक ठेवलेला प्रश्न हाती नसेल तर त्या निष्फळ होतात.

३) बाजारपेठेचे माध्यम बदलते, तसे उत्तरभागाचे रूप बदलते. पुनःप्रदर्शन, कॅसेट, डीव्हीडी आणि इंटरनेट हे या इतिहासाचे चार टप्पे आहेत.

४) उत्तम उत्तरभागाचे मूल्यमापन करताना त्यामागील श्रमांची परिस्थितीही अभ्यासाचा विषय झाली पाहिजे.

आपल्या कीर्तनपरंपरेत पूर्वरंगात सिद्धांत मांडला जातो आणि उत्तररंगातील आख्यान तो श्रोत्यांच्या गळी उतरवते. केवळ पूर्वरंगाची पुनरुक्ती करणारा उत्तररंग श्रोते ऐकून घेत नाहीत आणि पूर्वरंगाशी नाते नसलेला उत्तररंगही त्यांना पटत नाही. ॲनिमेशनपटांच्या उत्तरभागांना हाच निकष लावणे वावगे ठरू नये. आज आपल्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची कथनकलेशी पहिली ओळख अशा चित्रपटांतून झालेली असते. त्यांच्यापुढे 'पहिला बरा की दुसरा' एवढाच प्रश्न न ठेवता 'दुसरा का काढला गेला आणि तो कोणत्या परिस्थितीत घडला' हा प्रश्न ठेवला, तर करमणुकीच्या या साधनातूनही इतिहासदृष्टीचा संस्कार होऊ शकेल.